बाबांनी सांगितलेला सिनेमा

माझ्या बाळंतपणासाठी आई आइंडहोवनला आली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. बाबा आले नाहीत. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि निवृत्तीनंतर नगरचं घर, मागची चार झाडं आणि सकाळचं पाणी यांच्यात ते इतके गुंतले होते की विमानाचं नाव काढलं तरी त्यांचा गुडघा दुखायला लागायचा. तूच जा, मला त्या थंडीत काय करायचंय, असं म्हणून त्यांनी आईला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. लग्नाला पन्नासेक वर्षं होत आली होती आणि माहेरपणाचे आठ-दहा दिवस सोडले तर दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. पण निघताना बाबा तिला एवढंच म्हणाले, की पोचलीस की कळव.

फेब्रुवारीत मुलगा झाला. इथल्या पद्धतीप्रमाणे पहिला आठवडा बाळंतिणीकडे बघायला रोज एक बाई घरी यायची. उंच, दणकट, आईपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. तिला मराठी येत नव्हतं, आईला डच येत नव्हतं आणि दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं. बाळाला तेल किती लावायचं, पाणी किती गरम हवं यावरून दोघींची रोज एक धुसफूस व्हायची. मग त्या बाईने एकदा टोस्टला लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या रंगीत साखरगोळ्या पसरल्या आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. बाळ झालं की इथे हेच खातात, असं मी सांगितलं. आईने एक गोळी चावून पाहिली. "बडीशेप आहे की. मग यांना कळतं," ती म्हणाली, आणि त्या बाईच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. त्यानंतर भांडण झालं नाही.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. आजार देशात सगळ्यात आधी आमच्याच भागात पसरला, त्यामुळे नवऱ्याचं ऑफिसही आधी बंद झालं. चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तो काम करतो. तो लॅपटॉप घेऊन माळ्यावरच्या खोलीत गेला तो जेवायलाच खाली यायचा. आईचं एप्रिलचं तिकीट रद्द झालं. तिकडे भारतात विमानंच उतरेनाशी झाली. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, पण परत कधी जाता येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

मला, खरं सांगायचं तर, आधी बरंच वाटलं. कुशीत तान्हं मूल, बाहेर ती भीती, आणि घरात आई. तिला काय वाटत असेल याचा विचार मी उशिरा केला.

ती तक्रार करत नव्हती. सकाळ-संध्याकाळ बाबांना व्हिडिओ कॉल करायची आणि दोघं गॅस, दूध आणि पाणी यांवर बोलायची. बाबांना आयुष्यात चहापलीकडे काही करता येत नव्हतं. ती त्यांना इथून डाळ शिजवायला शिकवत होती. कुकरची शिट्टी, फोडणीला किती तेल, चिंच कुठे आहे. "वरच्या फळीवर बघा. लाल झाकणाची बरणी. अहो लाल, ती केशरी आहे." बाबा बरणी काढून दाखवायचे. मग ती म्हणायची, आता जरा ओट्यावर धरा फोन, बघू दे मला. बाबांना वाटायचं, ओटा पुसलाय की नाही ते बघतेय. मी बाजूला बसून बघत होते. ती ओट्याकडे बघतच नव्हती. खिडकी, खिडकीत ठेवलेली विळी, दाराला टांगलेली बाबांची पिशवी, असं एकेक तिचे डोळे शोधत होते. कॉल संपला की ती थोडा वेळ हातातला काळा फोन तसाच धरून बसायची आणि मग उठून बाळाचे लंगोट धुवायला घ्यायची. मशीन होतं, तरी हाताने धुवायची.

तुमची आठवण येते, असं ती म्हणाली नाही. तेही म्हणाले नाहीत. आमच्या घरात तसं कोणी बोलत नव्हतं. मी लहानपणी दोघांना एकमेकांशी घरखर्च आणि आमचा अभ्यास सोडून दुसरं काही बोलताना ऐकल्याचं मला आठवत नाही. ती दोघं चांगली होती, भांडत नव्हती. पण त्यांच्यात कधी काही होतं का, असा प्रश्नच मला पडला नव्हता.

बाहेर फिरायला मात्र इथे बंदी नव्हती. दुपारी बाळाला गाडीत घालून आम्ही दोघी गल्लीतून कालव्यापर्यंत जायचो. त्या दिवसांत लोकांनी मुलांच्या गमतीसाठी रस्त्याकडेच्या खिडक्यांत अस्वलं मांडून ठेवली होती. घरात कोंडलेली मुलं आईबापांबरोबर फिरत आणि अस्वलं मोजत. कोपऱ्यावरच्या एका घराने अस्वल ठेवलं नव्हतं. त्यांच्या खिडकीत लाल पडद्याचा छोटा लाकडी रंगमंच होता आणि त्यावर हातात घालायच्या दोन बाहुल्या, एक पुरुष आणि एक बाई, काठावर हात टेकून रस्त्याकडे बघत होत्या.

आई तिथे थांबली. गाडीचा दांडा माझ्या हातात देऊन ती काचेच्या जवळ गेली.

"अशीच होती," ती म्हणाली. "सिनेमातली."

कोणत्या सिनेमातली, असं मी विचारलं तेव्हा तिने चालता चालता सगळं सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बाबांनी तिला भिंगार कॅम्पात एक इंग्रजी सिनेमा दाखवला होता. रविवारी सकाळी तिथे लष्करातल्या लोकांसाठी जुने अमेरिकन सिनेमे लागत. तेव्हाच खूप जुना, काळा-पांढरा. एक बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस असतो आणि बाहुल्यांचे कपडे शिवणारी एक मुलगी त्याच्याकडे कामाला येते. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. बाबा शेजारी बसून हळूच एकेक वाक्य मराठीत सांगत होते, आणि पुढच्या रांगेतला कोणी तरी सारखा मागे वळून बघत होता.

"फार चांगली गोष्ट होती," आई म्हणाली. "त्या माणसाच्या घरी माणसं फार. आई कडक. दोन खोल्यांत सगळे. त्याला त्या मुलीशी बोलायला जागाच नाही. म्हणून तो पडद्यामागे बसून बाहुलीच्या तोंडून बोलतो."

अमेरिकन सिनेमात दोन खोल्यांत सगळे, हे मला जरा गमतीचं वाटलं.

सिनेमाचं नाव तिला माहीत नव्हतं. घरी येऊन मी इंटरनेटवर शोधायला बसले. बाहुल्या, शिवणकाम, तिला आठवलेलं समुद्राकाठचं गाव, असं काय काय घालून शोधलं. दोन-तीन चुकीचे निघाले. मग एका दुपारी एक फोटो तिच्यापुढे धरला तेव्हा तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, हीच ती मुलगी.

आम्ही तो तुकड्या-तुकड्यांत पाहिला. बाळ झोपलं की लावायचा, रडलं की थांबवायचा. खालच्या सोफ्यावर दोघी, पायांवर शाल, लॅपटॉप स्टुलावर. आवाज खरखरीत होता आणि नट भराभर, नाकात बोलत होते. मी आईला मराठीत सांगत गेले. सुरुवात तिने सांगितली तशीच होती. मुलगी पावसात भिजत येते, बाहुल्यांच्या गाडीत आसरा घेते, फाटलेला एक झगा बघून न विचारता शिवून ठेवते. तो माणूस सकाळी झगा बघतो आणि ओरडतो. पण ठेवून घेतो.

आई पुढे काय होणार ते आधीच सांगत होती. मी मात्र त्या कडक आईची वाट बघत होते. ती काही येईना. घरही येईना. तो माणूस एकटाच होता. घोडागाडीत राहत होता, गावोगाव हिंडत होता, त्याला ना आई ना भावंडं. मला वाटलं, पुढे कुठेतरी तो घरी जात असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रसंग आला. मुलगी आपलं बोचकं बांधून निघाली आहे. खेळ संपलाय, खुर्च्या रिकाम्या आहेत. ती रंगमंचापाशी येते. पडदा हलतो आणि माणसाच्या हातातली बाहुली वर येते. बाहुली तिच्याशी बोलते. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर जातो आणि तिचे डोळे भरून येतात.

आई पुढे सरकून बसली. "आता सांग," ती म्हणाली. "हेच ते."

मी सांगू शकले नाही. बाहुली म्हणत होती, की जा. सकाळच्या गाडीने जा. कपडे शिवणाऱ्या मुली कुठेही मिळतात. या गावात तुझ्यासाठी काही नाही. तो तिच्या भल्यासाठी तिला तोडून टाकत होता, हे प्रेक्षकाला कळत होतं. तिला कळत नव्हतं. म्हणून ती रडत होती.

मी सिनेमा थांबवला. आईने माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"बाबांनी तुला काय सांगितलं होतं, तो काय म्हणतो म्हणून?"

तिला शब्द न् शब्द पाठ होता. पडद्यावरच्या थिजलेल्या बाहुलीकडे बघत ती म्हणाली, "जाऊ नकोस. मला नीट बोलता येत नाही म्हणून हिला बोलायला लावतोय. घर लहान आहे, माणसं फार आहेत. पण तू गेलीस तर मला कोणी नाही."

मग मी तिला खरं सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण तिने माझा चेहरा बघितला होता. ती ऐकत राहिली. मी पुन्हा सिनेमा चालू केला. मुलगी स्टेशनावर उभी होती, धुरात.

"आणि इथे मी विचारलं होतं," आई म्हणाली, "की मग ही स्टेशनवर कशाला गेली. तर म्हणाले, तिचा भाऊ तिला न्यायला येणार असतो. त्याला सांगायला गेलीय, की मी येत नाही."

बाळ उठलं. मी त्याला घेऊन आले तेव्हा ती तशीच बसली होती. मग पदराने चष्मा पुसत, जणू भाजीचं काही सांगावं तशा आवाजात, तिने मला ते सांगितलं जे मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी तिची ट्रंक भरलेली होती. दुसऱ्या दिवशी मामा तिला न्यायला येणार होता आणि ती परत येणार नव्हती. सासूचा जाच म्हणावा असा नव्हता, पण उठता-बसता बोलणं होतं. दोन खोल्यांत आठ माणसं. नवरा सकाळी डबा घेऊन जाई, संध्याकाळी येऊन आपल्या आईजवळ बसे. वर्षभरात तो तिच्याशी स्वतःहून चार वाक्यं बोलला नव्हता. तिला वाटे, आपण याला आवडलोच नाही. तिने भावाला निरोप धाडला आणि घरात सांगितलं, चार दिवस माहेरी जाऊन येते. ट्रंकेचं वजन कोणाच्या लक्षात आलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, उद्या कॅम्पात सिनेमा आहे, हिला दाखवून आणतो. आजी काही बोलायच्या आत त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

"मग मामा आला नाही?"

"आला की. सोमवारी. चहा पाजला, पोहे दिले, आणि परत लावून दिला."

एवढं सांगून ती उठली आणि कणीक भिजवायला गेली. सिनेमा तिथेच राहिला. पुढे त्या दोघांची दुसऱ्या शहरात भेट होते आणि सगळं नीट होतं, ते मी नंतर एकटीने पाहिलं. तिने शेवट विचारला नाही.

पुढचे काही दिवस बाबांशी ती नेहमीसारखीच बोलत होती. मला वाटलं, हे प्रकरण तिने मनात ठेवून दिलं. मग एका दुपारी बाबांचा कॉल आला असताना, बरण्यांचं बोलणं संपल्यावर, ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्हाला तेव्हा इंग्रजी येत होतं का?"

"कधी?"

"भिंगारला. बाहुल्यांचा सिनेमा."

मी बाळाला मांडीवर थोपटत होते. उठून जावं असं वाटलं, पण ते झोपायला आलं होतं.

"नकाशावर लिहितात तेवढं येत होतं," ते म्हणाले. "ते लोक तोंडातल्या तोंडात बोलत होते."

"मग मला सांगितलंत ते?"

"ट्रंक उचलून पाहिली होती मी," बाबा म्हणाले. "चार दिवसांची नव्हती ती."

बाबाच पुढे म्हणाले, की घरात कुठे बोलणार होतो. माझे आई-अण्णा, भाऊ, सगळे असायचे. रस्त्यात बोलावं तर तू दहा पावलं मागे चालायचीस. तिथे अंधार होता. आणि मग फोनकडे न बघता ते म्हणाले, "आता घरात कोणी नाही, तर तू तिकडे."

आईने फोन माझ्याकडे दिला आणि ती बाथरूममध्ये गेली. नळाचा आवाज खूप वेळ येत होता. बाबांना मी विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, भात केलाय, बरा झालाय.

त्यानंतर आईचं लक्ष लागेना. माझ्यावर किंवा बाळावर राग नव्हता. तिचं सगळं वेळच्या वेळी चालू होतं, शेक, मालीश, माझं खाणं. पण कालव्याच्या कडेने चालताना ती मध्येच विचारायची, वकिलातीकडून काही आलं का. आम्ही तिचं नाव परतीच्या खास विमानांसाठी नोंदवून ठेवलं होतं. मे गेला. जूनमध्ये इथे दिवस इतका लांबला की जेवून झालं तरी ऊन असायचं, आणि ती पडदे ओढून म्हणायची, तिकडे केव्हाची रात्र झाली. एकदा मी म्हटलं, तिकडे आजार वाढतोय, वय झालंय तुझं, इथे सुरक्षित आहेस. ती म्हणाली, "मी सुरक्षित आहे गं. ते एकटे आहेत."

तो कॉल झाल्यापासून मलाही काहीतरी होत होतं. पाच वर्षं या देशात राहून मी आईबाबांची आठवण काढली होती ती आईबाबा म्हणून. हातचं जेवण, सणवार, आजारपणात कोणी जवळ असणं. आता मला ती दोघं आठवायची जी मी कधी बघितलीच नव्हती. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुखदुर्बळ माणूस आणि त्याच्यामागे दहा पावलांवर चालणारी मुलगी. त्यांना भेटायला कुठलं तिकीट काढलं तरी उपयोग नव्हता.

जुलैत जागा मिळाली. दिल्लीमार्गे मुंबई, मग मुंबईत हॉटेलात आठवडाभर वेगळं राहायचं आणि नंतर नगर. स्खिपोल विमानतळावर फक्त प्रवाशांना आत सोडत होते. दाराबाहेरच निरोप घ्यायचा होता. आईने मास्क लावला होता, वर चेहऱ्यावर प्लास्टिकची काच, त्यामुळे तिला बाळाचा पापा घेता येईना. तिने त्याचा पाय हातात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. पाच महिन्यांचं बाळ, रोज तिच्या मांडीवर आंघोळ केलेलं. ते तिच्या चेहऱ्यावरच्या काचेला हात लावायला बघत होतं. ती रडली नाही. मी रडले. नवऱ्याने बॅगा ढकलून दिल्या आणि ती दारातून आत गेली.

नगरला पोचल्यावर आणखी काही दिवस तिला घरातच वेगळं राहायचं होतं. आतल्या खोलीत ती, बाहेर बाबा. ताट ते दाराशी ठेवत आणि बाजूला होत. मग आपली खुर्ची त्यांनी दारापाशीच आणली. आई मला फोनवर सांगत होती, की दिवसभर बसतात, आणि आतून ऐकू येतं की नाही म्हणून मोठ्याने बोलतात, शेजाऱ्यांना सगळं कळतं. काय बोलतात, असं मी विचारलं. "काही नाही गं," ती म्हणाली. "असंच." तिने मला सांगितलं नाही, आणि सांगायला नकोच होतं.

पुढच्या वर्षीच्या लाटेत दोघंही आजारी पडली. बाबांना ऑक्सिजन लागला. मी इथे माळ्यावरच्या जिन्यात बसून फोनची वाट बघत दिवस काढले. दोघंही वाचली. ते दिवस मला लिहिता येत नाहीत.

आम्ही नगरला जाऊ शकलो तेव्हा मुलगा दोन वर्षांचा व्हायला आला होता. बाबांनी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. आईने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि हात पुढे केले. तो माझ्या पायांमागे लपला. फोनमधली आजी त्याला माहीत होती, ही समोरची बाई माहीत नव्हती. ज्या मांडीवर तो वाढला ती त्याला आठवत असण्याचं काही कारणच नव्हतं, पण मला फार वाईट वाटलं. मी त्याला पुढे ढकलू लागले. आई म्हणाली, "राहू दे. ओढू नकोस त्याला."

ती त्याच्यामागे लागली नाही. तिने त्याला खाऊ दाखवला नाही, हाका मारल्या नाहीत. तो बाबांच्या झारीशी खेळायचा आणि ती आपलं काम करत राहायची. दोन-तीन दिवसांनी सकाळी ती मागच्या ओसरीवर मेथी निवडत बसली होती. तो अंगणातून आला, थोडा वेळ जुडीकडे बघत उभा राहिला, आणि मग तिच्या पाठीला पाठ लावून खाली बसला. हातातली काडी आपटत बसला. आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त निवडायचा वेग कमी केला, एकेक पान, एकेक पान, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून चहा झालाय हे सांगायला तोंड उघडलं तशी तिने मला हातानेच थांबवलं.